चेन का निसटते?

सहावीच्या वर्गात सामान्यज्ञानाचा तास चालू होता. ‘कोणी कशाचा शोध लावला’ या पद्धतीचे प्रश्न आम्ही विचारत होतो आणि मुले भराभर उत्तरे देत होती. ‘झिपचा, म्हणजे आपल्या चेनचा शोध कोणी लावला?’ या प्रश्नाचे पुस्तकातले उत्तर होते, ‘व्हिटकॉम्ब जडसन, १८९३’. दोघा-तिघांनी ते म्हणूनही दाखवले. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, त्यांची चेनपण अशीच उघडायची का?” आणि त्याने आपले दप्तर वर धरले. चेन टोकापर्यंत ओढलेली होती, पण मधोमध फाकलेली. वह्या बाहेर पडू नयेत म्हणून चार सेफ्टी पिना लावलेल्या होत्या.

वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण उत्तर आमच्याकडे नव्हते. नंतर थोडे वाचन केले, घरातल्या जुन्या चेन उसवून पाहिल्या, तेव्हा लक्षात आले की त्या दिवशी वर्गात विचारलेला सर्वांत चांगला प्रश्न तोच होता. जडसनची चेनही अगदी अशीच उघडायची! आणि ती तशी उघडायची म्हणूनच १८९३ सालापासून आजच्या स्वरूपाची चेन तयार होईपर्यंत वीस वर्षे गेली. या वीस वर्षांत काय झाले ते समजून घेतले, की दप्तराची चेन घरी कशी दुरुस्त करायची हेही आपोआप कळते. म्हणून दोन्ही गोष्टी इथे एकत्रच सांगतो आहोत.

गाठ, गुंडी आणि हुक

कपडा अंगावर टिकवायचा कसा, हा प्रश्न फार जुना आहे. आपल्याकडे धोतर आणि लुगडे नेसताना वेगळ्या कुठल्याच साधनाची गरज नसे. निऱ्या घालायच्या, खोचायच्या, कासोटा मारायचा, की झाले. शिवलेल्या कपड्यांना बंद असत. बाराबंदी या नावातच ते बंद मोजलेले आहेत. पुढे गुंड्या आणि काजे आली, बटणे आली, हुक आले.

या सगळ्या साधनांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक बंद, प्रत्येक बटण बोटांनी वेगवेगळे लावावे लागते. सदऱ्याला पाच-सहा बटणे असतात, तोवर त्याचे काही वाटत नाही. पण एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत पोटरीपर्यंत येणारे उंच बूट वापरात होते आणि त्यांना बटणांची किंवा नाडीच्या भोकांची लांबच लांब रांग असे. बुटाची बटणे काजात ओढून घ्यायला एक खास आकडीच मिळायची. एका हालचालीत ही सगळी रांग बंद करता येईल का, हा प्रश्न तिथे कोणाला तरी पडणारच होता.

तो सर्वांत आधी पडलेल्यांपैकी एक होता एलियस होवे. हा तोच होवे, ज्याने १८४६ साली शिवणयंत्राचे पेटंट घेतले. १८५१ साली त्याने कपडे बंद करण्याच्या एका सलग साधनाचे पेटंट घेतले. पण ते बाजारात आणण्याच्या खटपटीत तो पडला नाही. कल्पना कागदावरच राहिली.

जडसनचा बूट

व्हिटकॉम्ब जडसन हा अमेरिकेतला यंत्र-अभियंता. दाबाखालच्या हवेवर चालणारी ट्राम बनवण्याच्या प्रयत्नात त्याची बरीच वर्षे गेली होती आणि त्याची अनेक पेटंटे त्याच विषयातली आहेत. ऑगस्ट १८९३ मध्ये मात्र त्याला दोन वेगळीच पेटंटे मिळाली. बुटांच्या दोन कडा जोडणे आणि सोडवणे हा त्यांचा विषय होता.

जडसनच्या साधनात दोन्ही कडांवर धातूच्या आकड्या आणि त्या अडकवण्याच्या जागा होत्या. हुक तर आधीपासूनच होते. नवी होती ती रांगेवरून सरकणारी वस्तू. ती ओढत नेली की आकड्या ओळीने एकमेकींत अडकत जात. आज आपण जिला ‘रनर’ म्हणतो, तिची ही पूर्वज. बोटांनी एकेक करून करायचे काम एका सरकत्या वस्तूवर सोपवणे, ही जडसनची खरी कामगिरी.

लुईस वॉकर या वकिलाने या कल्पनेत पैसे गुंतवले, कंपनी निघाली. पण माल खपेना. सुमारे १९०५ साली त्यांनी नवा नमुना आणला. यात आकड्या कापडी पट्टीवर बसवलेल्या होत्या, त्यामुळे ती पट्टी स्कर्टला किंवा पँटला शिवता येई. नाव ठेवले ‘सी-क्युरिटी’. म्हणजे नावातच सुरक्षिततेचे आश्वासन! पण माणूस वाकला, बसला, कापडाला पीळ पडला, की हे आश्वासन मोडत असे आणि चेन नको त्या वेळी उघडत असे. दप्तर उघडले तर वह्या पडतात. भर समारंभात स्कर्टची चेन उघडली तर काय होत असेल, याची कल्पनाच करावी. गिऱ्हाइकांनी या वस्तूकडे पाठ फिरवली. जडसन १९०९ साली वारला, तोपर्यंत त्याची चेन काही यशस्वी झाली नव्हती.

दोष कशात होता? ब्लाऊजचा किंवा पँटचा एखादा हुक हातात घेऊन पाहा. आडवा ओढला तर तो घट्ट धरतो. पण दोन्ही कडा जवळ आणून थोड्या तिरक्या केल्या तर अलगद सुटतो. हुक एकाच दिशेच्या ताणाला उत्तर देतो. अंगावरचे कापड मात्र सगळ्या दिशांनी हलत असते. शिवाय आकड्या मोठ्या आणि दूर दूर होत्या. त्यातली एक सुटली की शेजारच्या आकडीवर सगळा भार येई.

हुक सोडून दिला तेव्हा

१९०६ साली या कंपनीत गिडिऑन सुंडबॅक हा तरुण अभियंता नोकरीला लागला. त्याचा जन्म १८८० साली स्वीडनमध्ये झाला होता. शिक्षण जर्मनीत घेऊन तो १९०५ साली अमेरिकेत आला होता. कारखान्याच्या व्यवस्थापकाच्या मुलीशी, एल्विराशी त्याचे लग्न झाले. १९११ साली तिचे निधन झाले. कंपनीची अवस्था तेव्हा बिकट होती. सुंडबॅक मात्र चेनच्या मागे लागलेलाच होता.

सुरुवातीला त्यानेही हुकच सुधारून पाहिले. मग हुक पूर्णपणे टाकून दिले. पहिल्या ‘बिनहुकी’ नमुन्यात एका पट्टीची कड जाड, दोरीसारखी केलेली होती आणि दुसऱ्या पट्टीवर तिला चिमटीत धरणारे धातूचे तुकडे होते. चेन छान चाले, उघडतही नसे. पण धातूचे चिमटे कापडाची कड घासून काढत आणि थोड्याच दिवसांत ती निकामी होई. म्हणजे निसटण्याचा प्रश्न सुटला, तर झिजण्याचा प्रश्न पुढे आला.

१९१३ साली त्याने दुसरा बिनहुकी नमुना तयार केला. या वेळी दोन्ही पट्ट्यांवर अगदी एकसारखे धातूचे दात होते. प्रत्येक दाताच्या एका बाजूला छोटा उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच खळगा. एका दाताचा उंचवटा समोरच्या पट्टीवरच्या दाताच्या खळग्यात बसतो, त्याचा उंचवटा पुढच्याच्या खळग्यात. चमच्यात चमचा बसावा तसे. पूर्वीच्या नमुन्यांत इंचाला सुमारे चार आकड्या असत, इथे इंचाला दहा दात होते. म्हणजे दोन दातांतले अंतर सहा मिलिमीटरपेक्षा जास्त होते, ते अडीच मिलिमीटरवर आले. या रचनेचे पेटंट त्याला १९१७ साली मिळाले. आपल्या दप्तरावरची धातूची चेन मुळात तीच आहे.

पण एवढ्याने काम भागत नव्हते. वीस सेंटिमीटरच्या चेनला इंचाला दहाच्या हिशेबाने एका बाजूला सुमारे ऐंशी दात लागतात, दोन्ही बाजूंना मिळून एकशे साठ. ते सगळे एकाच मापाचे आणि समान अंतरावर हवेत. एक जरी वाकडा बसला तरी रनर तिथे अडणार. हे हाताने करणे परवडले नसते. सुंडबॅकने त्यासाठी यंत्रही तयार केले. वाय या इंग्रजी अक्षरासारखा छेद असलेल्या तारेचे ते तुकडे पाडी, प्रत्येक तुकड्यावर उंचवटा आणि खळगा उठवी आणि त्याचे दोन पाय कापडी पट्टीच्या कडेवर दाबून बसवी. चेनचा शोध सांगताना हे यंत्र बहुधा गाळले जाते. त्याच्याशिवाय चेन ही एक सुंदर पण महागडी वस्तू होऊन राहिली असती.

रनरच्या आत काय घडते?

आता वर्गात करण्याजोगे काही. बंद चेनचे दात नखाने ओढून वेगळे करायचा प्रयत्न करा. होत नाहीत. कारण पट्टी सरळ असताना दोन शेजारच्या दातांमध्ये समोरचा दात कसाबसा मावेल एवढीच जागा असते. उंचवटा खळग्यातून बाहेर यायला फट हवी, ती मिळत नाही.

मग चेन बंद होताना तो दात आत शिरतो कसा? एक जाड वही घ्या. तिचा कणा पानांच्या उलट बाजूला वाकवा. पाने पंख्यासारखी फाकतात. रनरच्या आत पट्टीचे असेच होते. रनरला पुढे दोन तोंडे आणि मागे एक तोंड असते. दोन्ही पट्ट्या तिरक्या आत येतात, वळणावर वाकतात, त्यामुळे दातांची टोके क्षणभर फाकतात आणि समोरचा दात मध्ये शिरतो. रनरच्या मागच्या तोंडातून पट्टी सरळ होऊन बाहेर पडते आणि फट मिटते. चेन उघडताना दोन तोंडांच्या मधली पाचर हेच उलट्या क्रमाने करते. साध्या यंत्रांच्या धड्यात पाचरीचे उदाहरण म्हणून कुऱ्हाड असते, तिच्या जोडीला चेनचा रनर जरूर दाखवावा.

इथे एक सावधगिरी. दोन वह्यांची पाने एकमेकांत घालून ओढण्याचा प्रयोग अनेकांना माहीत असतो. त्या वह्या सुटत नाहीत त्या घर्षणामुळे. चेन घर्षणावर टिकत नाही, ती उंचवटा आणि खळगा यांच्या अडकण्यावर टिकते. वहीचे उदाहरण फक्त फाकण्यापुरते घ्यावे.

या वर्णनातून महत्त्वाची गोष्ट कळते. दातांना एकमेकांत बसवायचे काम रनरचे आहे. त्याच्या वरच्या आणि खालच्या पत्र्यांत नेमके अंतर असेल तरच दात नीट दाबले जातात. हे अंतर झिजून वाढले, की रनर सरकतो, पण दात अर्धवटच बसतात. मागून चेन फाकते.

दोष ओळखा, मग पक्कड घ्या

चेन बिघडली की आपण दातांना दोष देतो आणि अख्खी चेन बदलतो, किंवा दप्तरच टाकून देतो. आम्हीही तेच करत आलो होतो. पुढे एकदा कोपऱ्यावरच्या बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांकडे बॅग नेली. नवी चेन किती रुपयांत बसेल, असे विचारले. त्यांनी रनर दोनदा मागेपुढे करून पाहिला, पक्कडीने दोन्ही बाजूंना हलकेच दाबला आणि बॅग परत दिली. अर्धा मिनिटही लागला नाही. चेन का निसटते हे त्यांना हाताने ठाऊक होते. आम्हाला ते पेटंटाची चित्रे पाहून कळायचे होते.

त्यांनी रनर मागेपुढे करून काय पाहिले, ते महत्त्वाचे. चेन प्रत्येक वेळी एकाच जागी फाकत असेल, तर तिथला दात वाकडा आहे किंवा पडला आहे. ती कधी इथे, कधी तिथे फाकत असेल, तर दोष दातांत नाही, रनरमध्ये आहे. एवढी तपासणी मुले स्वतः करू शकतात. पाच वेळा चेन लावायची आणि कुठे फाकली त्याची नोंद करायची.

रनर सैल असेल तर तो चेनच्या उघड्या टोकाला, म्हणजे सुरुवातीला न्यावा. मागच्या, एका तोंडाच्या बाजूला त्याची एक कड पक्कडीने किंचित दाबावी, मग तेवढीच दुसरी. चेन लावून पाहावी. गरज वाटली तर पुन्हा किंचित दाबावी. जोर करू नये. रनर बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो, तो वाकण्याऐवजी तुटतो. जास्त दाबला तर सरकतच नाही. हा उपायही कायमचा नव्हे. झिजलेली धातू परत येत नाही. दोन-तीनदा दाबून झाल्यावर रनर बदलावा. त्याच्या पाठीवर बहुधा ३, ५, ८ असा आकडा असतो. तो साधारणपणे बंद दातांची मिलिमीटरमधली रुंदी सांगतो. नवा रनर त्याच आकड्याचा आणि त्याच जातीच्या चेनसाठीचा घ्यावा, कारण धातूच्या दातांचा रनर नायलॉनच्या वेटोळ्यांच्या चेनला चालत नाही.

रनर निघूनच आला असेल तर चेनच्या खालच्या टोकाचा अडसर काढावा. रनरची दोन तोंडांची बाजू पुढे ठेवून एकेका तोंडात एकेक पट्टी घालावी, दोन्ही टोके समान ओढून मागच्या तोंडातून बाहेर घ्यावीत आणि रनर वर सरकवावा. एका बाजूचा एखादा दात जास्त गेला तर चेनला पोक येतो, मग पुन्हा सुरुवात करावी. शेवटी खालच्या टोकाला जाड दोऱ्याचे आठ-दहा टाके एकावर एक घातले की नवा अडसर तयार. खालच्या भागातला दात पडला असेल, तर त्याच्या जरा वर असेच टाके घालावेत. चेन थोडी आखूड होते, पण चालते.

धातूची चेन नुसतीच अडकत असेल तर दातांवर पेन्सिल घासावी. शिशात ग्राफाइट असते, त्याचे थर एकमेकांवरून घसरतात. फिक्या कापडावर काळे डाग पडतात, तिथे मेणबत्ती किंवा कोरडा साबण बरा.

मग शोध कोणाचा?

चेन यशस्वी झाली ती हळूहळू. पहिल्या महायुद्धाच्या काळात सैनिक-खलाशांच्या पैशांच्या पट्ट्यांना ती लागली, नंतर तंबाखूच्या बटव्यांना. १९२३ साली बी. एफ. गुडरिच या रबर कंपनीने चेन लावलेले बूट काढले आणि ओढतानाच्या आवाजावरून त्यांना ‘झिपर’ नाव दिले. नाव बुटाचे होते, पण लोकांनी ते चेनलाच लावले. कपड्यांमध्ये तिला मानाची जागा मिळाली ती १९३०च्या दशकात. १९३४ साली टोकियोत तादाओ योशिदा यांनी सुरू केलेला उद्योग पुढे वायकेके या नावाने जगभर गेला. ती तीन अक्षरे मुलांना एखाद्या रनरवर सापडतीलही.

तेव्हा पुस्तकातल्या त्या प्रश्नाचे उत्तर काय द्यायचे? सरकत्या वस्तूची कल्पना जडसनची, दात आणि यंत्र सुंडबॅकचे, नाव बूट विकणाऱ्यांचे, आणि या सगळ्यांच्या आधी होवेचे विसरलेले पेटंट. ‘जडसन, १८९३’ हे उत्तर चूक नाही. पण परीक्षेपुरते ते पाठ केले, की मधली वीस वर्षे नाहीशी होतात. हुक का सुटतो, कापड का झिजते, एकशे साठ दात एका मापाचे कसे करायचे, हे प्रश्न त्या वीस वर्षांत आहेत. आणि ‘शोध लागतो तो एका दिवशी, एका माणसाला’ अशी मुलांची समजूत होते. मग स्वतःच्या फाकलेल्या दप्तराकडे पाहून आपल्यालाही काही सुचेल, असे त्यांना कसे वाटावे?

त्या मुलाच्या दप्तराची चेन आम्ही वर्गातच तपासली. पाच वेळा लावली, पाचही वेळा वेगळ्या जागी फाकली. त्यावरून वर्गाने निदान केले, ‘रनर’. पक्कड शिपाईकाकांकडून आणली. पहिल्या दाबात काही झाले नाही. दुसऱ्या दाबानंतर चेन शेवटपर्यंत बंद राहिली आणि मुलाने चारही सेफ्टी पिना काढून टेबलावर ठेवल्या. वार्षिक परीक्षेच्या सुमारास ती पुन्हा सैल झाली. तेव्हा त्याने आम्हाला विचारले नाही. रनरच्या पाठीवरचा ५ हा आकडा पाहून बाजारातून तसाच रनर आणला आणि स्वतः बसवला. चेनला जरासा पोक आला होता, तो त्याने दुसऱ्या दिवशी काढला.

तुमच्या वर्गात बिघडलेल्या चेन किती आहेत? एकदा गोळा करून पाहा. किती चेनमध्ये दात दोषी निघाले आणि किती चेनमध्ये रनर, हे आम्हाला जरूर कळवा.